दाजींची सर्दी

शनिवारी संध्याकाळी मी दारात सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होतो आणि आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. एरवी ती फोनवर इतक्या मोठ्यांदा बोलते, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र तिचं बोलणं मला नीट ऐकूच येईना. "ह्यांनी चहा घेतलाच न्हाय रे," ती म्हणाली. "खुर्चीत बसलेत तसंच हायत... तू ये की." पंप तिथंच टाकून मी निघालो. मंगळवार पेठेतलं त्यांचं घर माझ्या घरापासून लांब नाही, पण तो रस्ता मी कसा गेलो ते मला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दाजींची सायकल जिन्याला टेकून उभी होती आणि हँडलला कॅनव्हासची पिशवी लावून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही जयसिंगपूरला वांगी आणायला जाणार होतो.

दाजी आक्काचे यजमान. कबनूरला त्यांचे यंत्रमाग होते. सारं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं हळू बोलणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कानात काही सांगायला वाकले, तरी ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. अशा माणसानं एक गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली, आणि मला ती कळल्याचं मी त्यांच्यापासून लपवून ठेवलं. आमच्या शेवटच्या काही वर्षांच्या रविवारांची सगळी गोडी या लपवालपवीत होती, असं आता वाटतं.

माग विकून ते कोल्हापुरात राहायला आले, तेव्हा मी नोकरीच्या उताराला लागलो होतो. लग्न करायचं राहून गेलेलं. रविवार म्हणजे कपडे धुवायचे, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचं आणि दुपारी झोपायचं. अशाच एका रविवारी सकाळी दारात घंटी वाजली. बघतो तर दाजी नव्या कोऱ्या गिअरच्या सायकलवर, डोक्याला उपरणं गुंडाळून त्यावर हेल्मेट, आणि शेजारी तशीच दुसरी सायकल धरून दुकानातला माणूस. "पावणं," दाजी सगळ्या गल्लीला सांगितल्यासारखं म्हणाले, "रविवारचं घरात बसून काय अंडी उबवालाय व्हय? चला." मी म्हटलं, दाजी, मला नाही जमायचं. "न जमायला काय झालं? चाकं हायत की तिला!" मेव्हण्याला पावणं म्हणायचं, तुमी-आमी करायचं आणि त्या मानपानातच त्याची यथेच्छ टिंगल करायची, ही आमच्याकडची रीतच आहे. मी मुकाट्यानं सायकलवर टांग टाकली आणि ती पुढं कित्येक वर्षं खाली आली नाही.

ते रविवार आता मला एकमेकांत मिसळून गेल्यासारखे आठवतात... रंकाळ्यावर धुकं असायचं, पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळायचं नाही, आणि त्या पांढऱ्यात दाजींची घंटी पुढं कुठंतरी वाजत असायची. शहर मागं पडलं, की दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या मधल्या रस्त्याला स्वतःचा असा एक गारवा असतो, सायकलवरच तो अंगाला लागतो. कुठं जायचं ते दाजी आदल्या दिवशी पोटाला विचारून ठरवायचे. कधी खर्डा-भाकरी, कधी लोणी डोसा, कधी नुसत्या मक्याच्या कणसांसाठी नदीपलीकडं. वाटेत बाजार लागला की उतरायचं. घ्यायचं काही नसलं तरी उतरायचं. दाजी बाजारात हातानं कमी आणि नाकानं जास्त हिंडायचे. कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून ती कालची की आजची ते सांगायचे. आंबेवाल्याच्या पेटीवर नुसते वाकायचे आणि "खालच्या थरात एक गेलाय बगा" म्हणायचे. आंबेवाला चिडायचा, थर उचकटायचा आणि मग हळूच तो आंबा बाजूला ठेवायचा.

माझं याच्या उलट. सरकारी कचेरीत कागदावर 'ठीक' आणि 'सादर' लिहिण्यात माझी हयात गेली. जेवणाबद्दलही माझ्याकडं तेवढेच शब्द. "कसं हाय?" दाजी विचारायचे. मी म्हणायचो, ठीक हाय. "ठीक म्हंजे काय? ठीक तर ताप उतरल्यावर वाटतं," ते म्हणायचे, आणि मग स्वतःच सांगायला बसायचे. रश्शात खोबरं कसं भाजलंय, तिखट कुठल्या मिरचीचं आहे, मटण शिजताना झाकण किती वेळा उघडलं असेल... मी नुसता ऐकत खायचो. त्यांच्या जिभेवर माझं पोट भरत होतं म्हणा ना.

आणि वाइन. कुठल्याशा लग्नात भेटलेल्या गोव्याच्या पाहुण्याकडून त्यांनी ही विद्या उचलली होती. दर उन्हाळ्यात जोतिबाच्या डोंगराखाली बायका करवंदं घेऊन बसायच्या, त्यांच्याकडून पिशवीभर आणायची, चीक धुऊन काढायचा, कुसकरायची, साखर नि यीस्ट घालून चिनी मातीच्या बरणीत भरायची आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. आक्कानं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "ती भानगड माझ्या लोणच्याशेजारी न्हाय पायजे." मग बरणी जिन्याखाली गेली, पोत्यात गुंडाळून. आतलं फसफसणं थांबलं की गाळून परत भरायची आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की उघडायची, हा दाजींचा नेम. गच्चीवर आम्ही दोघं स्टीलच्या फुलपात्रात घेऊन बसायचो. आक्का जिन्यात येऊन पदर नाकाला लावून "झालं का तुमचं तीर्थ?" विचारायची. तिनं कधी थेंब चाखला नाही.

माघात खेट्यांचे रविवार आले की जोतिबाला पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. तशा एका रविवारी आम्हीही सायकली रेटत डोंगरावर गेलो. दर्शन घेतलं, कपाळभर गुलाल लागला. उतरायच्या वेळी मी हेल्मेट घातलं. दाजींनी आपलं हँडललाच अडकवून ठेवलं. "दाजी, घाला की," मी म्हटलं. "देवाचा गुलाल पुसतो व्हय त्यानं? असू दे," ते म्हणाले. आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला हे कारण पटलं असतं, मलाही पटलं. निम्म्या घाटात घामाबरोबर तोच गुलाल त्यांच्या डोळ्यात उतरला. डोळा पुसायला त्यांनी एक हात सोडला, वळण आलं आणि दाजी पाठीवर पडले. डोकं मागच्या बाजूनं रस्त्याला लागलं. मी धावत पोहोचलो तोवर ते उठून बसले होते. चालत वर जाणाऱ्या लोकांनी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि रस्त्यानं गुलाबी ओघळ निघाला. "चांगभलं!" दाजी ओरडले. माणसं हसली, मी हसलो, सगळ्यात जास्त ते स्वतः हसले. डॉक्टरांनी तपासून घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. डोक्याला टेंगूळ आलं आणि चार दिवसांत गेलं.

त्यानंतर दाजींना सर्दी झाली, आणि ती जाईचना. भर वैशाखात, घामानं सदरा चिकटलेला असताना ते मला म्हणायचे, "पावणं, जरा वास बगा की ह्या फणसाचा, माझं नाक चोंदलंय." मी बघायचो. ठीक आहे म्हणायचो. "ठीक न्हवं, नीट सांगा." मला वाटायचं, हा त्यांचा नवा खेळ असेल. मग एकदा वाटेवरच्या एका खानावळीत आम्ही बसलो होतो. पांढरा रस्सा तळाला लागला होता. करपलेल्या खोबऱ्याचा वास मला दारातूनच आला. पूर्वी एवढ्याशा शिळ्या वासावर वाटी परत पाठवणारे दाजी दोन वाट्या पिऊन "झकास" म्हणाले. वाढणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरसुद्धा आश्चर्य दिसलं. मी मनाशी म्हटलं, वय झालं की माणूस मवाळ होतो.

उलगडा आक्कानं केला. मी एकदा कामावरून परस्पर तिच्याकडं गेलो होतो. दाजी बाहेर गेले होते. दारं-खिडक्या सताड उघड्या आणि आक्का ओट्याला पाठ लावून बसलेली. "गॅस उघडा राहिलता," ती म्हणाली. "हे हितंच पेपर वाचत बसलेले, आन् ह्यास्नी वासच न्हाय आला." मग तिनं सगळं सांगितलं. त्या पडण्यात डोक्याच्या आत वासाची नस गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, आली तर येईल, नाहीतर नाही. आंबट, गोड, खारट, तिखट एवढं जिभेला कळायचं. बाकी सगळं गेलं होतं. कोथिंबीर आणि गवत सारखंच. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? आक्कानं एकदा दाराकडं बघितलं. "त्यांनी शपथ घातलीया. म्हणाले, पावण्याला कळलं तर त्याला माझी कीव ईल, आन् मग त्यो रविवारी यायचा बंद हुईल. म्हणंल, दाजींस्नी चव न्हाय तर कशाला हिंडायचं?" तिनं माझा हात धरला. "तुला कळलंय असं दाखवू नगंस. त्यो एक रविवारच हाय रे त्यास्नी."

त्या रात्री मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं मला जेवायला शिकवलं, तो माझ्यासमोर बसून नुसता चावत होता... पण वाईट वाटून घेण्यात रविवार उजाडला असता आणि मी पुन्हा 'ठीक' म्हणालो असतो. तेव्हा ठरवलं, आता बोलायचं.

पहिला प्रयत्न फसला. भल्या सकाळी आम्ही दूध कट्ट्यावर गेलो होतो. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, वर बोटभर फेस. दाजींनी आपला पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि विचारलं, "कसं लागालंय?" मी छाती भरून म्हटलं, "दाजी, अमृत!" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कचेरीत चुकीच्या ठिकाणी सही केली असावी. "अमृत तुमी कवा पिलासा? ते ऱ्हाऊ द्या. म्हशीनं काय खाल्लंय, ते सांगा." मी पुन्हा एक घोट घेतला, तोंडात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी दुधाकडं लक्ष दिलं. "उसाचं वाडं," मी चाचरत म्हटलं. "आन्... सरकीची पेंड. जरा जास्तच." म्हशीवाला धार थांबवून माझ्याकडं बघायला लागला, म्हणाला, "पावणं, बरोबर वळखलासा की!" दाजी एवढे खूश झाले, की माझ्या पाठीत त्यांनी थाप मारली आणि उरलेलं दूध माझ्या शर्टावर सांडलं. त्या दिवसापासून एक नियमच झाला. वाईट असेल तर वाईट म्हणायचं, पण खोटं सांगायचं नाही.

मग मी दाजींचं नाक झालो. जयसिंगपूरच्या बाजारात वांग्यांच्या ढिगाशी बसलेली एक म्हातारी निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची, दाजींना अण्णा म्हणायची. तिची वांगी मी हुंगायला लागलो की ती तोंडाला पदर लावून हसायची. वांग्याला कसला आलाय वास? पण देठाजवळ असतो, ओल्या काळ्या मातीचा, आणि तो मी दाजींना सांगायचो. हिवाळ्यात गुऱ्हाळावर जाऊन बसायचो. मोठ्या कढईत रस उकळत असायचा, वाफ आभाळापर्यंत गेलेली, दाजी डोळे मिटून बसलेले, रेडिओवर कुस्तीचं समालोचन ऐकावं तसे. "आता काय झालं?" "आता कच्चा उसाचा वास गेला, दाजी. आता वास पिवळा झालाय." "पिवळा? वास कुठं पिवळा असतो व्हय?" "हाय की." "बरं, मग?" "आता तांबूस... आता भाजल्या शेंगदाण्यागत... आता उतरवायला पायजे, न्हायतर कडवट हुईल." आणि गुळव्या नेमकी तेव्हाच कढई उतरवायला माणसांना हाक मारायचा. दाजी डोळे उघडायचे, ताजी काकवी बोटानं चाटायचे आणि म्हणायचे, "सर्दी काय जाईना बगा." मी म्हणायचो, "आलं घालून चहा घ्या, दाजी." या वाक्यांत आमच्यापैकी कुणीही कधी हसलं नाही. धूर आमच्या डोळ्यात जायचा, ऊन तिरपं होऊन कढईवर यायचं, आणि घरी जायची कुणालाच घाई नसायची.

यंदाही उन्हाळ्यात करवंदं आली. दर रविवारी दाजी मला जिन्याखाली वाकायला लावायचे, दादरा किंचित उचलायचे. "बगा." मी सांगायचो. आज नुसती साखर, आज पावाच्या भट्टीसारखं, आज करवंद पुन्हा वर आलंय. गाळून, झाकण मेणानं बसवून बरणी बंद केली तेव्हा त्यांनी तिच्या पोटावर थोपटलं, मागच्या वेळी थोपटलं होतं तसंच. "दसऱ्याला बगू, पावणं. खोटं सांगायचं न्हाय." पाऊस संपत आला, रस्ते वाळले, जयसिंगपूरचा बेत ठरला... आणि तो शनिवार आला.

यंदा त्या घरात सण नव्हता. दसऱ्याच्या संध्याकाळी मी घरीच बसलो होतो, पूर्वीच्या रविवारांसारखा. आक्काचा फोन आला, या वेळी नेहमीच्या आवाजात. "ती बरनी कोन उघडायची? माझ्या जिन्याखाली काय जल्मभर ठेवायची हाय व्हय?" मी गेलो. आम्ही दोघांनी मिळून बरणी गच्चीवर नेली. आक्कानं दोन फुलपात्रं आणली होती. जुन्या सवयीनं, असं मला वाटलं. दाजींची खुर्ची तिनं आधीच वर आणून ठेवली होती.

मी मेण खरवडत होतो तेव्हा ती म्हणाली, "तुला एक सांगू काय? त्यास्नी म्हाइत हुतं."

"काय?"

"तुला कळलंय ते. कट्ट्यावरनं आलासा, त्या दिवशीच मला म्हणाले, तू सांगितलंस व्हय पावण्याला? आज त्यो म्हशीवर बोलला." आक्का हसली. "लई हसले. मी म्हटलं, मग सांगून टाका की, कशाला सोंग? तर म्हणाले, नगं. सांगितलं तर त्यो बोलायचा बंद हुईल. एकटा माणूस हाय, आत्ता कुठं बोलाय लागलाय."

 सगळी वर्षं मी समजत होतो, की रविवार मी त्यांच्यासाठी सांभाळतोय. खाली रस्त्यावर मुलं आपट्याची पानं घेऊन या घरातून त्या घरात पळत होती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.  आक्का गच्चीचा कठडा पदरानं पुसत राहिली.

मग मी बरणी उघडली, फुलपात्रात ओतलं, वास घेतला. तो ओळखीचा होता आणि नव्हता. झाकण कुठंतरी सैल राहिलं असावं. घोट घेतला. खुर्चीकडं बघून मी मोठ्यांदा सांगायला सुरुवात केली, यंत्रमाग चालू असताना बोलावं तसं. "दाजी, आंबलीय. पुरती न्हाय, पण व्हिनेगारच्या वाटेला लागलीय. वास चांगला हाय, करवंद हाय त्यात, चीक न्हाय... उन्हात तापल्या दगडासारखं कायतरी हाय. जिभेवर आली की आधी झोंबती..." मी बोलत राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. अंधारून आलं होतं.

"आण बगू," आक्का म्हणाली, आणि माझ्या हातातलं फुलपात्र घेऊन तिनं एक घोट घेतला. नाक मुरडलं. गिळलं. माझ्या हातात परत देत म्हणाली, "ठीक हाय."

"ठीक म्हंजे काय, आक्का?" मी म्हटलं. "ठीक तर ताप उतरल्यावर वाटतं."

 तिनं फुलपात्र पुन्हा घेतलं, मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आंबट हाय," ती म्हणाली.

"मग?"

"मग तुरट... आतनं जरा गोड. लांबनं आल्यागत."

"मग?"

तिनं डोळे न उघडता जीभ टाळ्याला लावून बघितली. मी घाई केली नाही.

"आन् जाईना रे तोंडातनं," आक्का म्हणाली.